सुपारीच्या दिवशी मी नदीत होतो

ट्राऊट नावाचा मासा मी आजवर फक्त मोबाइलात बघितला आहे. कुठल्या तरी थंड मुलखात एक म्हातारा कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो, हातात लांब काठी, आणि दोरी डोक्यावरून मागंपुढं अशी फिरवतो की बघत राहावं. गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. पिसाचा एक खोटा किडा, बस्स. तो पाण्याला टेकतो न टेकतो तोच मासा वर उसळतो. त्या म्हाताऱ्याला कोणी हाक मारत नाही, हळद शिजवायचा कुकर कोण पेटवणार म्हणून कोणी विचारत नाही. चार वर्षांपूर्वी मी हे बघितलं आणि माझं डोकंच फिरलं.

आमच्या पूर्णेत कुठला आलाय ट्राऊट! पण सिद्धेश्वर धरणाच्या खाली, आमच्या गावामागं, फाल्गुन-चैतात नदी गुडघ्याएवढी होते. पाणी नितळ, खडक उघडे. ऊन यायच्या आधी पाण्यावर बारीक किडे घिरट्या घालतात आणि ते टिपायला चंदेरी मासळी वर येते. मी तांड्यावरच्या एका ओळखीच्या माणसाकडून कोंबड्याच्या मानेची पिसं आणली, बारीक गळाला लाल दोऱ्यानं बांधली, बांबूची लवचीक काठी केली आणि लागलो दोरी फिरवायला. पहिले दोन महिने गळ माझ्याच सदऱ्यात अडकत होता. धुण्याला आलेल्या बाया एकमेकींना विचारायच्या की हा माणूस माशा हाकलून राहिला का मासे धरून राहिला. हसा म्हणलं.

घरी मात्र हसणं नव्हतं. आमच्या घरात माळ आहे. माझा थोरला भाऊ तुळशीची माळ घालतो, आणि त्याच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात शिजत नाही, मासळीचं तर नाव नको. त्याचं घर म्हणतो, पण आमचं एकच आहे. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. भावानं मला शिकवलं, माझं लग्न केलं, मला कुठं काही कमी पडू दिलं नाही. वाईट माणूस असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो, वेगळा निघालो असतो. चांगल्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नाही. पन्नाशीला आलो तरी त्याच्यापुढं माझ्या तोंडाला कुलूप. तो म्हणेल तेव्हा पेरायचं, तो म्हणेल तेव्हा काढायचं. मनातलं बोलायला तोंड उघडलं की आतून 'बरं दादा' एवढंच बाहेर येतं.

माझ्या नादाला त्यानं एका अटीवर सूट दिली होती. मासा उंबऱ्याच्या आत यायचा नाही. म्हणून मी धरतो आणि सोडून देतो. हे त्याला आणखीच खटकलं. एकदा ओट्यावर बसून त्यानं शांतपणे विचारलं, "खायचा न्हाई, विकायचा न्हाई, मग त्या जिवाला तकलीफ काहून देतो?"   नदीत उभं राहिलं की दोन घटका माझ्यावर कोणाचाच हुकूम चालत नाही, हे त्याला सांगायचं तरी कसं?

गेल्याच्या गेल्या चैतातली गोष्ट. माझी मोठी पोरगी हिंगोलीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. रोज सकाळच्या एसटीनं जायची, दिवेलागणीला यायची. शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. आणि भावानं स्थळ आणलं. पुसेगावकडचं, बागायती, माणसं सरळ, घरात माळ. त्यांच्या अटी दोनच होत्या. लग्न वैशाखात, आणि सुनेनं नोकरी करायची नाही. भावाला यात काही वावगं दिसलं नाही. रविवारी अकराला पाहुणे यायचे ठरले. पसंती झाली तर तिथल्या तिथं सुपारी फोडायची. आमच्याकडं एकदा सुपारी फुटली की शब्द गेला. मग माघार घेतली तर दोन्ही घरांचं नाक कापलं जातं.

शनिवारी संध्याकाळी मी अंगणात वाळत घातलेली हळद गोळा करत होतो. पोरगी घमेलं घेऊन आली आणि माझ्याशेजारी उकिडवी बसली. हळद भरायला लागली. मग म्हणाली, "बाबा, लग्नाला माझी ना न्हाई. पण परीक्षा होऊ द्या, नोकरी लागू द्या, मग करा. मी बोलले तर मोठे बाबा म्हणतील पोरगी शेफारली. तुमी एकदा म्हणा. पाहुण्यांसमोर म्हणा, म्हणजे त्यांना न्हाई म्हणता येणार न्हाई."

मी म्हणतो म्हणलं. तिनं नक्की का म्हणून विचारलं, तर मी तिच्यावरच डाफरलो, की एकदा सांगितलं ना, किती वेळा विचारशील. ती हसली. तिला वाटलं मी रागानं बोललो म्हणजे मनावर घेतलंय. लहानपणापासून माझ्या रागाची तिला सवय होती.

त्या रात्री मला झोप नाही. आढ्याकडं बघत एकच वाक्य जुळवत होतो. 'दादा, माझं जरा ऐका.' पुढचं वाक्य काही केल्या येईना. पहाटे पाच वाजता मी काठी घेऊन मोटरसायकलला किक मारली. बायकोनं दारात येऊन विचारलं की आज पण? म्हणलं, आठला परत येतो, डोकं शांत करून येतो.

आदल्या दिवशी गावाच्या ग्रुपवर निरोप पडला होता की सकाळी सहाला धरणातून नदीत पाणी सोडणार, जनावरं नदीत नेऊ नका. तो मी वाचला होता. पण मी नदीच्या काठी वाढलेला माणूस. उन्हाळ्यात कोरडं पात्र पाणी पीत पीत येतं. सहाला सुटलेलं पाणी आमच्या गावामागं यायला नऊ वाजतात, हा माझा पक्का हिशोब. तो चुकला, कारण आठ दिवसांपूर्वीच एकदा पाणी सोडलं होतं. पात्र अजून ओलं होतं. भरल्या पोटानं त्यानं काही प्यालं नाही, सगळं पाणी तसंच पुढं ढकललं.

मोबाइल गाडीच्या पिशवीत ठेवून मी नदीच्या मधल्या खडकावर गेलो. खाटेएवढा सपाट खडक आहे. तिथून वरच्या अंगाला डोह आणि खालच्या अंगाला खळाळ, दोन्हीकडं दोरी टाकता येते. पाचसहा मासे मिळाले. ओंजळीत धरायचे, पाण्याखाली हात न्यायचा, मूठ उघडायची. सातच्या सुमाराला पाण्यावरून काड्या-पाचोळा वाहत आला. मग फेस आला. मी वळून बघितलं तोवर काठ आणि खडक यांच्या मधलं पाणी गढूळ झालं होतं आणि मी ज्या दगडांवर पाय देऊन आलो ते सगळे बुडाले होते.

एकदा उतरून बघितलं. मांडीपर्यंत गेलो आणि पायाखालची वाळूच निघून गेली. काठी खडकाच्या भेगेत अडकली म्हणून वाचलो.  वर येऊन बसलो. बोंबलून बघितलं, पण रविवारची सकाळ, पाणी येणार म्हणून काठावर चिटपाखरू नव्हतं.

आठ वाजले असतील. नऊ. ऊन चढलं. मी त्या खडकावर नुसता चकरा मारत होतो. चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं. मनात तांब्या-भांड्यासकट सगळा घरचा देखावा उभा. आता सतरंजी टाकली असेल. आता भाऊ फेटा बांधत असेल. आता पाहुण्यांची जीप आली असेल, पाय धुवायला पाणी दिलं असेल, आणि पोरगी आतल्या खोलीच्या फटीतून माझी वाट बघत असेल. मला रडू फुटलं. कोणी बघणारं नव्हतं, म्हणून चांगला हमसून रडलो. पोरीनं आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि बाप खडकावर माकडासारखा अडकून बसला, म्हणून स्वतःच्या आईबहिणीचा उद्धार केला.

इथवरचं मी सगळ्यांना सांगितलं आहे. गावात हा किस्सा झाला आहे. पुढचं सांगितलं नाही.

ऊन डोक्यावर आलं होतं, अजून कलायचं होतं, तेव्हाच खडकाच्या बुडाशी ओली पट्टी दिसायला लागली. वीतभर. मग दोन वीत. वर पाणी बंद केलं होतं. थोड्या वेळानं पहिला दगड उघडा पडला, मग त्याच्या पुढचा. मध्ये गुडघ्याएवढं पाणी, तेही संथ. बारा वाजले असतील. लेकराला कडेवर घेऊन कोणी गेलं असतं एवढी सोपी वाट माझ्यासमोर होती.

मी उठलो. चप्पल हातात घेतली. आणि ते वाक्य पुन्हा तोंडाशी आलं. 'दादा, माझं जरा ऐका.' सतरंजीवर बसलेली दहा माणसं, मधे भाऊ, सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळलेल्या.  सकाळी पाण्यात पाय निसटला तेव्हासुद्धा असं भ्यालो नव्हतो.

मग माझ्या डोक्यानं मला एक वाट काढून दिली. बाप हजर नसला तर सुपारी फोडतील कशी? फोडणारच नाहीत. पोरीचा बाप नाही म्हणल्यावर पाहुणे चहा घेऊन जातील, पुन्हा कधी तरी येतील, तोवर परीक्षा होईल. म्हणजे मी इथं बसलो तर पोरीचंच काम होतंय. एक शब्द न बोलता होतंय. हे मला इतकं बराबर वाटलं की मी चप्पल खाली ठेवली. गळाचं पीस ओलं होऊन चिकटलं होतं, ते फुंकर मारून मोकळं केलं. आणि काठाकडं पाठ करून डोहात दोरी टाकली.

किती वेळ टाकत होतो, कोण जाणे. एकही मासा लागला नाही. पण मी टाकत राहिलो. खरं सांगतो, त्या वेळात मी सुखात होतो.

अडीचच्या पुढं घरी पोचलो. अंगणात जीप नव्हती. उंबऱ्यावर फोडलेल्या नारळाची शेंडी, सतरंजीवर सांडलेलं कुंकू.  भाऊ धावत आला. त्यानं मला मिठी मारली. पाणी सोडल्याचं कळलं तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता, दोन पोरं मला शोधायला वरच्या बंधाऱ्याकडं पाठवली होती. त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "तू वाचलास यातच सगळं आलं. काळजी करू नको, बाप न्हाई तर चुलता आहे. मी फोडली सुपारी."

बाप नसला तर चुलता. हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. माझ्या बहिणींच्या सुपाऱ्या त्यानंच फोडल्या होत्या, आणि मी शेजारी बसून पानं वाटली होती.

मी बरं दादा म्हणलो आणि मागच्या अंगणात गेलो. पोरगी न्हाणीपाशी होती. अजून त्याच साडीत. तिनं मला बघितलं, आतून टॉवेल आणून दिला. मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, की माय, पाणी आत्ता उतरलं, दोन वाजता, तसा धावत आलो.

 ती बादलीतलं पाणी घेऊन साडीचा काठ धुवायला लागली. काठाला वीतभर गाळ लागला होता. काळा, नदीचा. आमच्या अंगणात कुठं तसला गाळ नाही.

"पोहे झाल्यावर मी मागच्या दारानं नदीवर आले होते," ती म्हणाली. "तुमी वाहून गेले असं वाटलं मला. काठावरच्या बाभळीपाशी आले तर तुमी दोरी टाकून राहिले होते. मधे गुडघाभर पाणी होतं बाबा."

मी टॉवेल धरून उभा राहिलो. हाक का मारली नाहीस म्हणून विचारलं.

"काय म्हणून मारू?" ती काठ पिळत म्हणाली. "मोठे बाबा तर थांबले होते. बाप आल्याशिवाय फोडत न्हाई म्हणत होते. मीच येऊन सांगितलं, बाबा खडकावर सुखरूप आहेत, पण यायचे न्हाईत, फोडा तुमी."