नवमीला काढलेलं काँक्रीट

वाळलेलं काँक्रीट गाडीवरून काढायचं काम ज्यानं कधी केलं नाही, त्याला ते फार सोपं वाटतं. मीही ते कधी केलं नव्हतं. मी काँक्रीटच्या प्लांटवर ऑफिसात बसून कुठली गाडी कुठल्या साइटवर गेली याच्या चिठ्ठ्या लिहायचो, आणि उंटावरून शेळ्या हाकायचो. पुण्याच्या पश्चिमेला तेव्हा आयटीच्या इमारती एकामागून एक उठत होत्या. आमचे मिक्सर, म्हणजे पाठीवर फिरता ड्रम असलेले ट्रक, दिवसभर तिकडे धावायचे.

त्यातला एक माझा गाववाला चालवायचा. आम्ही दोघंही यवतमाळकडचे, बिबवेवाडीत एका खोलीत राहायचो. स्टिअरिंगखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि यावं असं वाटतही नव्हतं. माल ओतताना मागच्या चाकांवर, मडगार्डवर, शिडीवर काँक्रीट उडायचंच. ओलं असतानाच पाइपानं धुतलं तर निघतं, वाळलं की दगड. बाकीचे ड्रायव्हर ते काम हेल्परवर टाकून चहाला जायचे. हा स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन बसायचा. हळूहळू ठोकायचा आणि कान देऊन ऐकायचा. बद्द आवाज आला तर अजून चिकटलेलं, पोकळ आला तर सुटत आलेलं. पत्र्याला पोचा पडू न देता तो भाकरीएवढे पोपडे काढायचा. मला ते बघत बसायला आवडायचं.

प्लांटवर दसरा जोरात व्हायचा. खंडेनवमीला प्लांट बंद. सकाळी सगळी हत्यारं घासूनपुसून, हळदीकुंकू लावून पाटावर मांडायची आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. पाण्याची मोटर बंद करून तिच्या स्विचलाही झेंडूची माळ घालायची. दुसऱ्या दिवशी मालक येणार, रांगेतल्या पहिल्या गाडीच्या चाकापुढे नारळ फोडणार. त्या वर्षी पहिल्या गाडीचा मान याचा होता. महिनाभर आधीच त्यानं गावाकडे ते कळवलं होतं.

आदल्या दिवशी एका मोठ्या स्लॅबवर काँक्रीट वर चढवणारा पंप अडकला. याची गाडी भर उन्हात तीन तास उभी राहिली, मागून माल सांडत राहिला. ती रात्री परत आली तोवर मागची चाकं आणि मडगार्ड करडी होऊन गेली होती. नवमीच्या सकाळी मॅनेजरनं गाडीला एक फेरी मारली. ते सदाशिव पेठेतले, आवाज न चढवता बोलणारे. म्हणाले, "आपण गाडी आणलीत की सिंहगड? मागे शेडजवळ लावा. मालकांना उगाच चढायला लागायचं." आणि मोटरसायकल काढून निघून गेले. म्हणजे उद्याच्या आत गाडी साफ झाली नाही तर पहिल्या गाडीचा मान गेला.

हा पाटासमोर जाऊन उभा राहिला. त्याची छिन्नी तिथे होती, कुंकू लावलेली. ती उचलायचा विचार त्याच्या मनात आला नाही, आणि खरं सांगतो, माझ्याही नाही. आमच्याकडे नवमीला सुतार पटाशीला हात लावत नाही, न्हावी वस्तऱ्याला लावत नाही. तेव्हा मी शहाणपणा केला. म्हटलं, ॲसिड काही हत्यार नव्हे. फरशा धुवायच्या ॲसिडचा कॅन गोडाऊनमध्ये पडलाय, ओतून बघ. त्यानं क्षणभर विचार केला आणि कॅन आणायला गेला.

पाणी मिसळलं नाही, कारण पाणी नव्हतंच. मोटर बंद होती आणि गाडीची टाकी त्यानं पूजेसाठी रिकामी करून पुसून ठेवली होती. मडगार्डवर ॲसिड पडलं की काँक्रीट फसफसायचं, धूर निघायचा. मऊ झालेलं तो लाकडानं खरवडायचा. तासाभरात एक बाजू मोकळी झाली. तो मला बोलावून दाखवत होता, हसत होता. मग आतल्या बाजूचं काढायला चाकाखाली उताणा आडवा झाला, आणि वरून एक पोपडा ॲसिडसकट त्याच्या तोंडावर पडला.

तो बाहेर सरकला, उठून बसला, डावा डोळा दाबून धरला आणि म्हणाला, "पानी दे."

पाइप त्याच्या पायाशीच पडला होता. मोटरचा स्विच माझ्यापासून पाच पावलांवर. मी तिथवर गेलो, हातही वर नेला. माळ घातलेली होती, त्यावर सकाळचंच ओलं कुंकू. आणि मी हात मागे घेतला. का, ते आजवर मला सांगता आलेलं नाही. देव कोपेल असं काही मनात आलं नव्हतं. नवमीला मोटर चालू करत नाहीत एवढंच हाताला माहीत होतं. मी वळलो आणि अख्खं आवार ओलांडून ऑफिसातल्या माठाकडे धावलो. माठ अर्धा होता. तांब्या भरून आणायचा, त्याच्या डोळ्यावर ओतायचा, परत धावायचं, असं मी चार-पाचदा केलं. पायाशी पाइप कोरडाच पडून होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, डोळा किती वेळात धुतला? मी म्हणालो, "लगेच." त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. तो डोळा गेला.

चौकशीत मॅनेजरनं विचारलं, ॲसिड वापरायला कुणी सांगितलं? मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, कुणीच नाही, माझंच डोकं. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज मला आजही वाटते. पण स्विचची गोष्ट त्याहून मोठी. ती त्याला माहीत नव्हती, त्याचे डोळे मिटलेले होते. उलट माझ्याकडे बोट दाखवून तो सगळ्यांना सांगायचा, हा होता म्हणून दुसरा डोळा वाचला.

एका डोळ्याच्या माणसाला मिक्सर कोण देणार? प्लांटवर वॉचमनची जागा देऊ केली होती. दुसऱ्याला आपली गाडी नेताना रोज बघायचं त्याला जमेना. दिवाळीनंतर तो गावी निघाला.

मी एसटी स्टँडवर सोडायला गेलो. बाकावर तो बसला, पिशवी मांडीवर घेतली. सगळं सांगून टाकायचं असं खोलीवरून ठरवून निघालो होतो. मी त्याच्या डाव्या अंगाला उभा राहिलो. तिकडून त्याला माझं तोंड दिसलं नसतं, सांगणं सोपं गेलं असतं. तरी मी गाड्यांच्या वेळांची पाटीच वाचत राहिलो.

तो म्हणाला, "इकडून ये ना गड्या. तिकडं उभा राहिला त तू मले दिसत नाही."

मी येतो म्हणालो आणि हललो नाही. गाडी लागली तेव्हा मी तिकडे आलो असेन म्हणून त्यानं उजवीकडे वळून मला शोधलं, तिथे उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाला विचारलं, "इथं माझा दोस्त होता, गेला काय?" आणि मी हाताच्या अंतरावर, त्याच्या डाव्या अंगाला, तसाच उभा होतो.