चार बोटं जागा

सावलीपासून धानोऱ्यापर्यंत गाडीतल्या मॅटची माह्याइतकी पारख कोनालेच नाई. डब्यावर कोनत्या गाडीचं नाव लिव्हलं आहे, ते मात्र मले गिऱ्हाईकाकडूनच वाचून घ्या लागते.

माह्या मॅटच्या दुकानावर एक डायवरभाऊ येत. कोनाचीबी गाडी उभी असो, दार उघडत, उकिडवे बसत अन् ब्रेकखाली हात घालून चार बोटं आडवी धरत. बोटं अडली का मले हाक.

"चार बोटं जागा सोड, लेका."

असा एखादा तुमच्याबी गावात असन. घेनं ना देनं, अन् नजर सगळ्याइच्या गाडीत. मी मांगून त्याइची नक्कल करो. माह्याच बोटाले एकडाव ब्रेकचं ग्रीस लागलं अन् त्याच हातानं मी समोसा खाल्ला.

त्याइची सोताची जीप सवारीची. मांगच्या सवारीच्या पायाखाली जुन्या ट्यूबचे तुकडे, तारेनं आवळून बांधलेले. सोताच्या पायाखाली उघडा पत्रा.

"बसनाऱ्याच्या पायाखाली काईबी चालते," ते म्हनत. "चालवनाऱ्याच्या पायाखाली पत्राच बरा."

मी एक दिवस इचारलं, काऊन? ते चहा पेऊन राह्यले होते.

"एकडाव ब्रेक दाबला, अन् पाय खाली गेलाच नाई. मॅट सरकली होती. समोर म्हैस होती, म्हनून म्हैस गेली."

अन् उठून जीपकडं गेले. कपातला चहा तसाच राह्यला. मी तो पेऊन घेतला, वाया काऊन घालवा म्हनून.

यंदाच्या पावसात जीप दुकानासमोर थांबली. सवाऱ्या भरलेल्या, समोरच्या सीटवर धानोऱ्याच्या दवाखान्यातली नर्सबाई. पत्र्यावर चिखल साचला होता. मले काय सुचलं, मी वरडलो, "डायवरभाऊ, मांग सवारीले गालिचा अन् तुमी सोता गोठ्यात काऊन?"

सारी जीप हासली. नर्सबाई म्हने, "घेऊन टाका नं भाऊ, पाय घसरून राह्यला तुमचा."

मी सगळ्यात जाड फोमची काळी मॅट काढली. कोनत्या गाडीची, ते कोनाकडून वाचून घेतलं नाई. येवढ्या लोकाइत आपन अनपढ दिसू, लाज वाटली. मॅट सरकू नये म्हनून असतेत, ते हूक जुळे ना. मी चाकूनं कोपरे कापले. खाली बारदाना टाकला. पावसात आमच्या इकडं सारेच टाकतेत, पानी पेते म्हनून.

भाऊ उकिडवे बसले. हात घातला.

"तीनच जाऊन राह्यले. एक बोट कमी आहे."

"तुमचीच बोटं जाडी आहेत, भाऊ."

जीप आनखी हासली. त्याइनं हात बाहेर काढला, सोताच्या बोटाइकडं पाह्यलं, पँटीले पुसला.

"बरं," म्हने.

बरं म्हनाची त्याइले सवयच नव्हती. ते मले तवाच खटकलं. पन सवाऱ्या अजून हासत होत्या, अन् मले ते गोड लागून राह्यलं होतं.

तीन दिवस पानी थांबलं नाई. रोज जीप समोरून जाये. रोज मी म्हनो, उद्या थांबवतो, त्या बारदान्याचं पाहतो. अन् रोज भजे खात बसो.

चौथ्या दिवशी जीप आली नाई.

धानोऱ्याले सवाऱ्या उतरवून भाऊ एकटेच वापस येत होते. जंगलातल्या वळनावर जीप सरळ गेली अन् सागाच्या झाडाले लागली. लोक म्हनत, झपकी आली असन. पानी असन. जनावर आलं असन.

मी गेलो. तवापर्यंत भाऊले नेलं होतं. जीप तशीच होती. दार अर्धं उघडं. मी उकिडवा बसलो अन् ब्रेकखाली हात घातला. ओल्या बारदान्याची गुंडाळी झाली होती, तिच्यावर माही मॅट चढून फसली होती.

एकबी बोट गेलं नाई.

तेरवीच्या आधी त्याइच्या घरी गेलो. भाऊची घरवाली उंबऱ्यात बसली होती. मी सारं सांगतलं, चाकूपासून बोटापर्यंत. मंग माही सवय, सुरू झालो, "बाई, मी गधा आहो. बिनअकलेचा मानूस, मले साधं..."

बाईनं हात वर केला.

"गधा म्हनून सुटू नको. तशा मॅट किती गाड्याइत टाकल्या, त्या काढ अगोदर."