अकरा गाठींची दोरी

भिवंडीतून आजवर जितक्या सहली निघाल्या असतील, त्यांतली एकही माझ्या साडूंच्या सहलीइतकी चोख आखलेली नव्हती. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी माझ्याशी खुशाल भांडायला यावं. परवा अंजूरच्या लग्नात, भर पंगतीत, पुन्हा तेच ऐकलं. "सोताला जिना चढता येत न्हाय, आन् दुनियेला लेणी दाखवाय निघालेले!" सगळे खदखदून हसले. माणूस जाऊन दोन वर्षं झाली तरी यांचं हसणं संपत नाही. आणि मी पानातला भात कालवत गप्प बसलो. या गप्प बसण्याचीच मला आता चीड आली आहे.

साडू कामतघरच्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते, म्हणजे अडलेला लूम चालू करून देणारे. डावा पाय लहानपणापासून लुळा, काखेत कुबडी. निवृत्त झाल्यावर त्यांनी गुडघे गेलेली, काठी टेकणारी आठ माणसं जमवली आणि मिनीबस भाड्याने घेऊन त्यांना जुनी देवळं, वीरगळ, कुंभारांची चाकं, बुरुडांच्या टोपल्या दाखवायला सुरुवात केली. नियम एकच : कुणालाही खाली बसवून ठेवायचं नाही. सगळे पोचतील तिथेच जायचं. त्यासाठी ते आधी गावात फोन लावून समोरच्याचा जीव नकोसा करत. "पाच-सहा पायऱ्या म्हंजे किती? पाच की सहा? सहावीवर म्हातारी अडकली तर तू येशील काय उचलाय?" गाडीच्या टपावर आठ लाल प्लास्टिकच्या खुर्च्या बांधलेल्या असत. त्या पाहून एका कुंभारणीने विचारलं, "वऱ्हाड कुठलं म्हणायचं?" साडू म्हणाले, "नवरा मीच. मडकं दाखव, पसंत पडलं तर घेऊन जातो." एकदा गोदामाच्या भिंतीला टेकलेला कोरीव दगड पाहायला गेलो, तर वॉचमन आडवा आला. "अंदर माल है, फोटो मना है." साडूंनी कुबडी रोखली. "भाई, ये पत्थर तेरे गोदाम से पहले का है. गेटपास तू इससे माँग!" वॉचमनने शेवटी स्वतःच खुर्च्या उतरवल्या.

पायऱ्या मोजायची त्यांची रीत तर कुठेच पाहिली नाही. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. आयुष्य सुतात गेलेलं, म्हणून सुताचीच दोरी. एका पायरीला एक गाठ, आणि दोन गाठींमधलं अंतर म्हणजे पायरीची उंची. घरी ती दोरी खुर्चीशेजारी धरून ते ठरवत, कोणती काकू कितव्या गाठीला दमेल. दोरीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, त्यावर जागेचं नाव आणि मोजणाऱ्याचं नाव. मोजणारा बहुतेक वेळा मी, कारण माझे पाय तेव्हा धड होते.

टेकडीवरच्या त्या लेण्याला मला पाठवलं, त्या दिवशी ऊन फार होतं. पायथ्याच्या टपरीवर चहा घेता घेता वर पाहिलं. वळणापर्यंत अकरा पायऱ्या दिसत होत्या. वळणापलीकडे काय आहे ते पाहायला मी गेलोच नाही. बाकड्यावर बसून, सारख्या अंतराने, अकरा गाठी मारल्या. साडूंनी दोरी बोटांमधून सरकवली आणि म्हणाले, "साडूभाऊ, एवढ्या सारख्या पायऱ्या? कारागीर चांगला असनार." मी हो म्हणालो.

सहलीच्या दिवशी सगळे वळणापर्यंत चढले, तर पलीकडे कठडा नसलेल्या आणखी खूप पायऱ्या होत्या. दमलेल्या माणसांत एक काकू घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्यांचा मुलगा सगळ्यांसमोर साडूंवर ओरडला. मी तोंड उघडणार, तोच साडू म्हणाले, "मोजनी माझी चुकली." मी तोंड मिटलं. त्यानंतर एकही सहल निघाली नाही. लाल खुर्च्या गच्चीवर उन्हात फिक्या पडल्या.

लग्नाहून परतताना मी कामतघरला त्यांच्या घरी गेलो आणि माझ्या मेहुणीला, अक्कांना, सगळं सांगितलं. त्या उठून आत गेल्या. आतून दोऱ्यांचं गाठोडं आणून माझ्यासमोर ठेवलं. त्यात ती दोरी होती. माझ्या अकरा जाड गाठी, आणि त्यांच्यापुढे, कमी-जास्त अंतरावर, जॉबरच्या हातच्या चौतीस बारीक, घट्ट गाठी. "त्या काकू पडल्यावर एक दिस एकलेच रिक्षा करून गेलेले," अक्का म्हणाल्या. "संध्याकाळी आले ते पॅन्ट मागून फाटलेली. बसून बसून चढले म्हने. मी वरडले, तर हसत होते. वरून खाडी दिसते म्हनाले."

चिठ्ठीवर मोजणाऱ्याचं नाव माझंच होतं. त्यांनी ते खोडलं नव्हतं.

मी अक्कांकडे पेन मागितलं आणि नावाखाली लिहिलं : पहिल्या अकरा माझ्या, त्याही खालून बघून. बाकीच्या त्यांच्या.