उंबऱ्याबाहेरचं उष्टं

"खोल खण गं. कुत्र्यानं उकरलं तर देवी कोपती."

मालकीणबाई परसातल्या दगडावर उभ्या राहून सांगत होत्या. आई खणत होती. मी कडेला, फ्रॉकची किनार चावत. आमचं गाव बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या बाजूला. आमची वस्ती गावाच्या वेशीबाहेर. त्या दिवशी मालकांच्या घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं.

आमच्या भागात महालक्ष्म्यांचं जेवण उंबऱ्याबाहेर जात नाही. पानात उरलेलं, पातेल्यात उरलेलं, सगळं घराच्या हद्दीतच मातीत घालायचं. रिवाज आहे तो. परस घराच्या हद्दीत धरतात. तिथं आईला येता यायचं, मागच्या फाटकातून, फावडं घेऊन. घरात नाही.

खड्ड्यात काय काय पडलं ते मी पाहिलं. भात, चिवडलेल्या भाज्या, सांडलेली आंबील. आणि त्यात एक पुरणाची पोळी. आख्खी. कुणाचा दातही लागलेला नव्हता. तूप चमकत होतं तिच्यावर.

"बाई, ती एक पोळी द्या की."

"देता येत न्हाई गं पोरी. परसाद घराबाहेर जात न्हाई."

"मग मी आत येऊन खाते."

मालकीणबाई हसल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. घरात वळून कुणाला तरी म्हणाल्या, "ऐकलं का, काय म्हणती ही?" आतूनही हसायला आलं. आईनं फावड्यानं माती ओढली. पोळीवर पहिलं ढेकूळ पडलं ते अजून मला दिसतं.

प्रसाद बाहेर यायचा नाही. आम्ही आत जायचं नाही. मधे खड्डा. तो खणायलाही आम्हीच.

वाटेत मी आईला विचारलं, "कावून पुरली पोळी?" आई म्हणाली, "चल बिगीबिगी. ऊन लागतंय." ऊन नव्हतंच. आभाळ भरलेलं होतं.

आता मी पन्नाशीला टेकलेय आणि इंग्लंडात राहते. हे वाक्य लिहिताना माझं मलाच हसू येतं. विमानात बसले तेव्हा सामानात कपडे कमी आणि काळा मसाला जास्त. पुरणयंत्रही घेतलेलं. तपासणीवाल्यानं ते उलटंसुलटं करून विचारलं, हे काय? मला इंग्रजीत पुरण सांगता येईना. मी हातानं दांडा फिरवून दाखवला. त्याला वाटलं, मी त्याची मान पिरगाळते म्हणते. आमचे हे मागे उभे राहून ओळख नसल्यासारखं करत होते.

इथं मी वृद्धाश्रमात काम करते. गोऱ्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालते, भरवते, त्यांची ताटं उचलते. उष्टं इथंही काढतेच. पण इथल्या म्हाताऱ्या हात धरून "थँक यू, डार्लिंग" म्हणतात. मालकीणबाई मला कधी डार्लिंग म्हणाल्याचं आठवत नाही.

आमचं भाड्याचं घर तळमजल्याचं, जुनं, ओल धरणारं. पण मागं मातीचा तुकडा आहे. त्यात मी मेथी, कोथिंबीर, चुका लावते. लेक म्हणते, "आई, तू इंग्लंडला नाही आलीस, तू शेत घेऊन आलीस." शेत आमचं कधीच नव्हतं, हे तिला अजून नीट उमगलेलं नाही.

वर्षावहिनी मला मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात भेटल्या. नवरा मोठा डॉक्टर. राहायला नदीकाठच्या उंच इमारतीत, पार वरच्या मजल्यावर. मी गेवराई तालुका म्हटल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"अय्या! मी चकलांब्याची! म्हणजे तुम्ही आमच्याच की!"

मी हुरळले. परमुलखात कुणी चकलांबा म्हणालं की माझा जीव विरघळतो. मग त्यांनी हळूच विचारलं, "गावात कुणाच्यातल्या तुम्ही?"

ज्याला हा प्रश्न विचारला जातो त्याला तो कळतो. मी सांगितलं. वेशीबाहेरच्या, असंच सांगितलं. त्यांच्या हातातून माझे हात सुटले. झटकले नाहीत हं, सुटले. "हो का? छान छान," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता आपण इथं सगळे सारखेच म्हणा."

मला वाटलं, असतीलही. माणूस भुकेला असला की शिळ्या शब्दालाही चव येते.

भादव्यात त्यांचा फोन आला. "आमच्याकडं महालक्ष्म्या बसल्यात. उद्या जेवायला या. जरा लवकर या, काय? आणि तुमच्या बागेतली मेथी आणा."

रात्रभर मला झोप नाही. आयुष्यात पहिल्यांदा महालक्ष्म्यांच्या जेवणाचं आवतण! मी हिरवं काठापदराचं लुगडं काढलं. इकडचा पदर तिकडं करून आरशापुढं येरझाऱ्या. आमचे हे म्हणाले, "बस की घडीभर. देवी तू न्हाईस, तू जेवणारी हायस."

आवतण मला एकटीलाच, म्हणून हे खाली गाडीत थांबले. मी जिन्याला पाय न लावता लिफ्टनं वर गेले. दारातच वहिनींनी मेथी घेतली आणि म्हणाल्या, "बरं झालं आलात. सोळा भाज्या चिरायच्यात. पुरण सोवळ्यातलं आहे, त्याला तेवढा हात नका लावू."

मी चिरत बसले. दोडका, भोपळा, गवार, काय काय. खिडकीतून खाली नदी दिसत होती, माणसं मुंग्यांएवढी. उठावं वाटे, बसावं वाटे. मी मनाला समजावत होते की अगं, पाहुणीच मदत करते, मदत करायची असते.

दुपारी दिवाणखान्यात पानं मांडली. दोन्ही महालक्ष्म्या नटून उभ्या, पुढं पाट, रांगोळी. सवाष्णी येऊन बसल्या. एक पाट रिकामा राहिला. एका बाईचा फोन आला, मूल आजारी, येता येत नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, अंगावर हिरवं लुगडं. नवरा खाली गाडीत बसून वडापाव खात होता, म्हणजे जिवंत होता. अजून काय लागतं सवाष्णीला?

वहिनींनी रिकाम्या पाटाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग देवघरातून सुपारी आणली आणि पाटावर ठेवली.

सवाष्ण म्हणून सुपारी.

तिला हळदकुंकू लावलं. तिच्यापुढं पान वाढलं. पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. सुपारीला कुणी विचारलं नाही, गावात तू कुणाच्यातली.

"तुमचं पान आत काढलंय हं," वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या. आत ओट्यावर कागदाच्या ताटलीत होतं. माझीच मेथी, त्यांची पोळी. मी पोळीकडं पाहिलं. लहानपणापासून हीच पोळी माझ्या डोळ्यापुढं होती. आता ती पुढ्यात होती आणि घास उचलवेना. ताटली तशीच झाकून ठेवली.

पंगत उठली. मी निघाले. लेकीसाठी एक पोळी मागावी म्हणून तोंड उघडणार, तर वहिनीच म्हणाल्या, "डबा देता येत नाही हो. तुम्हाला ठाऊकच आहे, प्रसाद उंबऱ्याबाहेर जात नाही."

"ठाऊक आहे," मी म्हणाले.

मग त्यांनी ओट्याखालून काळी पिशवी काढली. जड होती. तोंडाला गाठ मारलेली.

"एक काम होतं. हे पानातलं उष्टं. इथं माती कुठली? कचऱ्यात टाकलं तर दोष लागतो. तुमच्याकडं बाग आहे ना? जाता जाता घेऊन जा. खोल पुरा हं, इथं कोल्हे फार."

मी पिशवीकडं बघत राहिले. प्रसाद उंबऱ्याबाहेर जात नाही. उष्टं जातं. मला जेवायला बोलावलंच नव्हतं. माझ्या मातीला बोलावलं होतं.

माझं इंग्रजी पळालं, शहरी मराठी पळाली. तोंडातून आमच्या वस्तीचीच बोली आली.

"न्हाई."

"अं?"

"न्हाई नेणार. माझ्या आईनं लई खड्डे खणले वैनी. मी खणणार न्हाई. तुमचं उष्टं तुमच्या उंबऱ्यात ठिवा."

दिवाणखान्यातल्या बाया दारात आल्या. वहिनींचा चेहरा पांढरा पडला. "अहो, देवीचं आहे. मी चांगल्या मनानं... एवढं काय झालं?"

"त्या सुपारीला सांगा," मी म्हणाले, "ती जेवलीय."

पिशवी मी त्यांच्या उंबऱ्याच्या आत ठेवली. नीट, उभी, सांडू न देता. इतक्या वर्षांची उष्टं काढायची सवय, ती कुठं जाणार! आणि जिन्यानं उतरले. लिफ्टची वाट बघवेना. लुगड्यात पाय अडकला, दोनदा पडता पडता वाचले. अपमान करून घेतल्यावर नाक फोडून घेणं म्हणजे फारच झालं असतं.

घरी येऊन आईला फोन लावला. आई गावाकडंच असते, आता कानानं कमी. सगळं ओरडून सांगितलं. शेजारच्या गोरीनं खिडकी लावून घेतली.

आई म्हणाली, "देवीचं व्हतं बाई. नगं म्हणू नये. काही झालं तर?"

"देवीचं न्हाई आई. त्यांचं उष्टं व्हतं."

"आमी पुरलंच की. काय झिजलं?"

मला उत्तर होतं. पण त्या फावड्याच्या दांड्यानं तिच्या तळहाताला पडलेले घट्टे मला आठवले, आणि मी ते तिच्या तोंडावर मारलं नाही. फोन ठेवला. घरभर फिरत राहिले. बसवतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डाळ शिजवली. महालक्ष्म्या मांडल्या नाहीत, सोवळं नाही, सवाष्ण नाही. नुसतं पुरण. यंत्राचा दांडा फिरवताना दंड भरून आला. पुरण सैल झालं, पोळ्या फाटल्या. लेक म्हणाली, "आई, हा नकाशा कुठल्या देशाचा?" मी त्या फाटक्या पोळ्या डब्यात भरल्या आणि उंबरा ओलांडून बाहेर नेल्या. शेजारच्या गोरीला एक डबा, कामावरच्या केरळच्या बाईला एक. कुणी किती उष्टं टाकलं मला माहीत नाही. विचारणारही नाही.

संध्याकाळी वहिनींचा निरोप आला. "मनात ठेवू नका. पुढच्या वर्षी नक्की या."

मी लिहिलं, "मनात ठेवणार. येणार नाही."

आणि बागेत गेले. फावडं भिंतीला टेकून उभं होतं. त्यानं मी मेथीचा वाफा धरीन, बटाटे काढीन, बर्फ पडला तर दारापुढचा बर्फ ओढीन. पण कुणाचं ताट झाकण्यासाठी त्या फावड्यानं मातीला हात लावणार नाही. माझ्या हातानं नाही, माझ्या लेकीच्या हातानं नाही. ज्याचं उष्टं, त्यानं खणावं.