चिमाजीच्या परसातली कलेजी

चिमाजीच्या हातची भाजलेली कलेजी ज्यानं खाल्ली नाही त्यानं गावची जत्रा पाहिलीच नाही, असं रावेतच्या खालच्या अंगाला पवनेकाठच्या त्या गावात सगळे म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. पौषातच तो बाभूळ तोडून वाळत घाली. चैत्रात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, बोकडं पडत त्या दिवशी, परसात हातभर खोल चर खणायचा, त्यात ती बाभूळ पेटवायची आणि निखारे पांढुरके झाले की तारेत ओवलेली कलेजी त्यांच्यावर धरायची. मीठ, लसूण, ठेचलेली मिरची. बास. कुस्त्यांना जाण्याआधी अर्धं गाव तिथं उकिडवं बसून खाऊन जाई. चिमाजीची शेती बेताची, बोलणं त्याहून बेताचं. पण वर्षातून एक दिवस गाव आपल्या दारी येतं, या एका गोष्टीवर हा माणूस उरलेलं वर्ष ताठ मानेनं काढी.

सत्तावन्न सालच्या चैत्रात मात्र गाव येतं की नाही याचाच त्याला घोर लागला होता.

झालं होतं ते एवढंच. पिंपरीच्या अंगाला कारखाना उभा राहिला होता आणि आता दुसऱ्या कुणाचा तरी डोळा या गावच्या रानावर होता. गावानं देवळात भंडारा उचलून शपथ घेतली, की मोजणीवाल्यांना रानाला हात लावू द्यायचा नाही, त्यांच्या कामाला कुणी हात लावायचा नाही. भंडारा चिमाजीनंही उचलला. आणि फाल्गुनात मोजणीदाराचा शिपाई त्याच्याच बांधावर चक्कर येऊन बसला, तेव्हा यानं त्याला पाणी पाजलं. मोजणीदार म्हणाला, "बाबा, साखळीचं एवढं टोक धरता का जरा?" यानं धरलं. समोर आलेल्याला नाही म्हणायची जीभच या शहाण्याला देवानं दिली नव्हती. वर ते निघाले तेव्हा हाच म्हणाला, "चैतात जत्रा हाय आमची. या कलेजी खायाला."

साऱ्या रानानं ते पाहिलं. चिमाजीनं आतून जमिनीचा कागद करून दिला, असं गावानं ठरवूनही टाकलं. त्याला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, पण विचारण्याची तसदी घेतो कोण?

जत्रेच्या पहिल्या दिवशी, शनिवारी, पालखी निघाली. दर दाराशी ती थांबायची आणि घरची बाई भोयांच्या पायांवर पाणी घालायची. चिमाजीची बायको गोजाबाई घागर घेऊन उंबऱ्यात उभी होती. पालखी दाराशी आली आणि न थांबता पुढे गेली. भोयांत दत्तोबा होता, चिमाजीचा लहानपणापासूनचा सोबती. त्यानं मान खाली घातली. गोजाबाईनं घागर म्हशीच्या डोणीत रिकामी केली.

"उद्या येतील," चिमाजी म्हणाला. "पालखीचं वायलं, जेवणाचं वायलं." संध्याकाळी तो घरोघर जाऊन आवतण देऊन आला. सगळ्यांनी एकच सांगितलं, बघू.

रविवारी सकाळी करीम मुलाणी बोकड कापायला आला. ते त्याचं पिढीजात काम होतं, त्याला ते चुकवता येत नव्हतं. काम आटपून त्यानं सुरी पुसली.

"करीमभाई, दुपारी येतोस न्हवं?"

"हक्काची मुंडी तेवढी नेतो, चिमाजीभाऊ." करीमला त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. "माजं बी घर ह्याच गावात हाय."

ऊन डोक्यावर आलं. निखारे पांढुरके झाले. पहिल्या तारा भाजून झाल्या आणि गार झाल्या. आखाड्याकडून हलगी वाजू लागली, तसा चिमाजीचा धीर सुटत चालला.

तेवढ्यात कुंपणाशी दत्तोबा दिसला. हातात कांद्यांची जुडी. कलेजीबरोबर खायला कांदे दरवर्षी तोच आणायचा.

"चिम्या, तुज्या तोंडानं सांग. कागुद केलास का?"

"न्हाई रं. भंडाऱ्याची आन. निस्तं टोक धरलं व्हतं."

दत्तोबानं मान डोलावली. "मंग आदी मी खातो. मी खाल्लं म्हनल्यावर समदी येतील."

चिमाजीचे डोळे भरून आले. त्यानं घाईनं नवी तार निखाऱ्यावर धरली. दत्तोबानं एक पाय कुंपणाच्या आत टाकला आणि मागं सायकलची घंटी वाजली. धुतलेला सदरा घालून मोजणीदार उभा होता.

"आलो बरं का बाबा! तुम्ही बोलावलं होतंत."

"लावून दे त्याला," दत्तोबा हळूच म्हणाला. "अजून कुनी बघितलं न्हाई."

एक शब्द बोलायचा होता. चिमाजीनं तोंड उघडलं. कुठला शब्द बोलायचा ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"या साहेब," तो म्हणाला. "बसा."

दत्तोबानं आत टाकलेला पाय बाहेर घेतला. कांद्यांची जुडी तशीच काखेत मारून तो आखाड्याकडं निघून गेला.

मोजणीदार पोटभर जेवला. माणूस वाईट नव्हता. खाऊ घातलंय तर आधीच सांगून ठेवावं, एवढ्याच भावनेनं हात धुताना म्हणाला, "बाबा, हे परसही हद्दीत येतंय. खुंटी इथंच पडेल, या चरापाशी."

तो गेल्यावर गावासाठी रांधलेल्या मटणाचं पातेलं तसंच भरलेलं राहिलं. चैत्राच्या उन्हात ते टिकणार नव्हतं. चिमाजीनं चर आणखी खोल खणला आणि गोजाबाईनं सगळं मटण त्यात ओतलं.

"एक शब्द बोलायचा व्हता तुमाला," ती म्हणाली.

"व्हय," म्हणत तो माती लोटत राहिला.

पुढं दोन वर्षांत साऱ्या गावानं कागदांवर अंगठे उठवले, दत्तोबानंही. चिमाजीला मात्र कुणी परत जवळ केलं नाही. परस गेलं, तरी दर पौषात तो बाभूळ तोडून भिंतीशी रचत राहिला. एका चैत्रात तो गेला, तेव्हा तीच लाकडं सरणाला पुरली. त्या दिवशी गाव आलं.