अपेक्षित उत्तर

बी.एड.च्या प्रवेशाला गेले त्याच दिवशी मला सांगण्यात आलं की समाजशास्त्र घेऊ नकोस.

"इतिहास घे, भूगोल घे," अर्ज तपासणारे सर म्हणाले. "समाजशास्त्राला तास कुठं असतात? अकरावी-बारावीला, तेही कला शाखेला. पुढे नोकरीसाठी रडत येशील."

मी एम.ए. समाजशास्त्रातच केलं होतं. चांगल्या मार्कांनी केलं होतं. मी म्हटलं, "सर, अध्यापनाची एक पद्धती सामाजिक शास्त्रं आणि दुसरी समाजशास्त्रच लिहा."

"दुसरीला तू एकटीच असशील."

"एकटी तर एकटी."

त्यांनी खांदे उडवले आणि लिहिलं. नाशिकमधल्या त्या कॉलेजात त्या वर्षी समाजशास्त्राची अध्यापन पद्धती घेणारी मी खरोखर एकटीच निघाले. तासाला मी आणि ती पद्धती शिकवणाऱ्या मॅडम, अशा दोघीच समोरासमोर. त्यामुळे वाद झाला तर तो थेट व्हायचा, मागच्या बाकावर लपायची सोय नव्हती.

मी मूळची सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरची. आम्ही कोकणा आदिवासी. घरी भात, नागली, थोडी वरई. भात झोडून झालं की आई-बाबा डोंगर उतरून निफाडकडे द्राक्षबागांत कामाला जायचे ते होळीलाच परत. आश्रमशाळेत घालण्याआधी मीही त्यांच्याबरोबर जायची. बागेच्या कडेला ताडपत्रीची खोपटं, सकाळी धुकं, ओल्या मातीचा आणि औषधाच्या फवाऱ्याचा वास. मला ते वाईट दिवस म्हणून आठवत नाहीत. थंडी आठवते, आणि दुपारी आईच्या डब्यातली भाकरी. कॉलेजात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. लपवलं होतं असं नाही. कुणी विचारलं नव्हतं.

आम्हा मुलींना कॉफी रंगाच्या एकसारख्या साड्या होत्या. सुरुवातीचे महिने सूक्ष्म अध्यापनात गेले. म्हणजे वर्गातल्याच मैत्रिणी आठवीची पोरं व्हायच्या, आपण त्यांना काही मिनिटं शिकवायचं, आणि एका वेळी एकच कौशल्य दाखवायचं. आज प्रश्न विचारणं, उद्या फळ्यावर लिहिणं, परवा "शाब्बास" म्हणणं. तिशीतल्या, लेकरं घरी ठेवून आलेल्या बायका हात वर करून "मी सांगू बाई?" म्हणायच्या आणि ठरलेलं उत्तर ठरलेल्या वेळी द्यायच्या. हसून हसून पोट दुखायचं. पण त्यातच मला पहिल्यांदा खटकलं की इथं कुणीच चुकत नाही.

कारण उत्तरं आधीच लिहिलेली असतात. पाठाच्या आदल्या दिवशी पाठ टाचण लिहून मार्गदर्शकांची सही घ्यावी लागते. कागदाला रकाने आखायचे. एका रकान्यात शिक्षकाने काय बोलायचं, दुसऱ्यात विद्यार्थी काय म्हणतील ते. त्याला अपेक्षित उत्तर म्हणतात. मुलं अजून घरी झोपलेली असतात आणि ती उद्या काय बोलणार हे आपण वळणदार अक्षरात लिहून ठेवायचं.

आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत राहून शिकवण्याच्या काळात, मला निफाडच्या वाटेवरचं एक मोठं गाव मिळालं. तिथल्या शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय होतं आणि अकरावीला समाजशास्त्र होतं. मी घटक निवडला स्थलांतर. हंगामी स्थलांतराची कारणं लिहिली: शेती पावसावर, पावसाळ्यानंतर काम नाही, खालच्या भागात बागायतीला माणसं लागतात. टाचण मॅडमकडे दिलं.

मॅडम कडक होत्या, पण माणूस म्हणून वाईट नव्हत्या. आजारी पडले तेव्हा वसतिगृहावर पेज घेऊन आल्या होत्या. त्यांनी लाल पेनाने अपेक्षित उत्तराच्या रकान्यात एक कारण वाढवलं. अज्ञान.

"हे राहिलं बघ. गरिबी, निरक्षरता, अज्ञान. मुलांच्या गाईडमध्ये असंच आहे. परीक्षक हेच बघतात."

"मॅडम, अज्ञानामुळे कुणी निफाडला जात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कुठल्या गावात कधी काम निघतं, कोणाकडे जायचं, कधी परतायचं, हे सगळं माहीत असतं म्हणून जातात. अज्ञान असतं तर घरीच बसले असते."

मॅडमनी चष्मा काढला. "तू त्या भागातली आहेस, मला कळतं. पण भावनेनं शिकवू नकोस. वस्तुनिष्ठ शिकव."

मी म्हटलं, "वस्तुनिष्ठ म्हणूनच सांगतेय मॅडम. हे कारण नाही, ही शिवी आहे. मी लिहिणार नाही."

टाचण सहीशिवाय परत आलं. मी ते पुन्हा लिहिलं, तो शब्द गाळून. ते पुन्हा परत आलं. वर्गातल्या मैत्रिणी समजावायला लागल्या. "अगं, लिही आणि वर्गात म्हणू नकोस. कोण बघतंय?" मला तेच नको होतं. कागदावर एक आणि तोंडात एक, हे शिकायला मी डोंगर उतरून आले नव्हते.

त्या शनिवारी घरी गेले तेव्हा आईला सांगितलं. मला वाटलं, ती तरी चिडेल. ती चुलीपुढे नागलीची भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"लिहून टाक ना बाई," ती म्हणाली. "एका शब्दानं काय व्हतं? आधी पास हो."

"आई, ते तुला म्हणतायत. तुला आणि बाबांना."

"म्हणू दे. लय जण म्हणतात. आम्ही मेलो का?"

मी रागाने भाकरी अर्धी टाकून उठले. आईवर आजवर इतकी चिडले नसेन. तिला तो शब्द लागत नव्हता, याचंच मला जास्त लागलं. ती इतकी वर्षं ऐकून सरावली होती. मी सरावणार नव्हते. परतीच्या एसटीत मी ठरवलं की नापास झाले तरी चालेल.

सोमवारी मॅडमना म्हटलं, "सही नको. पण पाठ घेऊ द्या. गुण तुम्हीच द्या." त्या म्हणाल्या, "घे मग. निस्तर तूच."

पहिल्यांदा पाठ फसला. साफ फसला, हे मान्य केलं पाहिजे. मी इतकी तावातावाने गेले होते की मुलांना विचारण्याऐवजी मीच बोलत सुटले. मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसली. फळा अर्धा रिकामा राहिला. मागे बसलेल्या मॅडमनी निरीक्षणात लिहिलं: विद्यार्थ्यांचा सहभाग नाही, पाठ पुन्हा घ्यावा. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मला त्याचा राग आला आणि त्या रागाचा उपयोगही झाला. पुढच्या खेपेला मी ठरवलं की आपण कमी बोलायचं आणि दुसऱ्या रकान्यात काहीच लिहायचं नाही. विद्यार्थ्यांचा रकाना मी कोरा ठेवला.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"ती काय म्हणतील ते मला माहीत नाही."

"अन् तो शब्द?"

"नाही घातला."

त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

मी वर्गाला विचारलं, "आपल्या गावात दरवर्षी काही महिन्यांसाठी माणसं येतात. कुठून येतात?"

"पेठ! सुरगाणा! हरसूल!" सगळे एकदम. वर्गातली निम्मी मुलं बागाईतदारांची. त्यांच्या घरी हे रोजचंच.

"का येत असतील?"

पहिल्या बाकावरची एक हुशार मुलगी उभी राहिली. तिच्या घरची मोठी बाग होती, हे मला माहीत होतं. तिने घडाघडा म्हणून दाखवलं, "गरिबी, निरक्षरता व अज्ञान."

मागून बाक किंचित करकरल्याचा आवाज आला. मी त्या मुलीला "बस" म्हटलं आणि फळ्याकडे वळले. माझ्या कागदावर जो शब्द मी लिहू दिला नव्हता तो मी खडूने मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहिला. तिचं उत्तर होतं ते. वर्गात आलेलं उत्तर पुसायचा मला काय अधिकार? त्याच्यापुढे मी फक्त प्रश्नचिन्ह काढलं.

"हे खरं आहे का, ते आपण तपासू. तुमच्या घरी त्यांना कोण बोलावतं?"

"पप्पा," तीच मुलगी म्हणाली. "दसऱ्याच्या आधीपासून मुकादमाला फोन लावतात."

"का बरं इतक्या आधी?"

"नाहीतर दुसऱ्याच्या बागेत जातात ना ते."

वर्ग हसला. एक मुलगा म्हणाला, "आमच्याकडची टोळी गेल्या साली फोडली मॅडम, काकांनीच!" मग आणखी हसू.

"म्हणजे काम कुठं चांगलं मिळतं हे पाहून ते ठरवतात," मी म्हटलं. "आणि ते आले नाहीत तर?"

"बाग जाईल," एक जण हळूच म्हणाला.

मी लिहीत गेले. फळा भरत चालला. तेवढ्यात खिडकीजवळून एक हात वर झाला. ती मुलगी इतक्या दिवसांत एकदाही बोलली नव्हती. मावशीकडे राहून शिकत होती, एवढंच मला हजेरी घेताना कळलं होतं.

"मॅडम, मी पेठची हाय," ती म्हणाली. वर्ग वळून बघायला लागला. ती लाल झाली पण थांबली नाही. "आमच्याकडं पाऊस इथल्यापेक्षा लय पडतो. पण अडवलेला नाय. सगळा वाहून जातो. इथं पाट हाय. आमच्याकडं पाट असता तर इकडं कोण आलं असतं?"

कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरची मुलगी मान खाली घालून काहीतरी विचार करत होती. मग तिनेच विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठल्या?"

मैत्रिणींनी बजावलं होतं की वर्गात स्वतःचं काही सांगायचं नाही, मग मुलं ऐकत नाहीत. मी म्हटलं, "सुरगाण्याची. लहानपणी इथून जवळच्याच गावात बागेच्या कडेला राहायचे मी. आई-बाबा कामाला यायचे."

मला वाटलं, गेलं सगळं हातातून. पण पहिल्या बाकावरची ती मुलगी उभी राहिली, फळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मग ते अज्ञान खोडा ना मॅडम. ते नाही बसत तिथं."

"तू खोड," मी म्हटलं आणि खडू-डस्टर तिच्या हातात दिलं. तिने पुसलं. पुसताना तिच्या बाहीला खडू लागला तो ती झटकत परत जागेवर गेली.

तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत चहा आला. मॅडमनी निरीक्षण लिहून पुढे सरकवलं. पाठ मान्य होता. गुण बेताचेच होते, कोऱ्या रकान्याचे कापलेले. मी त्याबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नियम आहे तो. तुझं म्हणणं बरोबर असेलही, पण दर वेळी अशी भांडलीस तर तुला कुठलीच संस्था ठेवणार नाही."

"ठेवेल मॅडम."

"बघू," त्या म्हणाल्या आणि माझ्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं. आमचं एकमत त्या दिवशीही झालं नाही, नंतरही नाही.

आता मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. बहुतेक मुलं कंपनीत कामाला असलेल्या आई-बापांची. कोणी बिहारचं, कोणी मराठवाड्याचं, कोणी आमच्या डोंगरातलं. गेल्या महिन्यात स्नेहसंमेलनाच्या तालमीसाठी माझी वर्गखोली काढून घेतली. "समाजशास्त्रच तर आहे, एखादा आठवडा नाही झालं तर काय बिघडतं?" असं वर सांगण्यात आलं. मी मुलांना घेऊन जिन्यात बसले. खालच्या पायरीपासून वरच्या पायरीपर्यंत वर्ग भरला. ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला, उपप्राचार्यांनासुद्धा, मुलांच्या मधून वाट काढत जावं लागलं. तिसऱ्या दिवशी शिपायाने येऊन वर्गाची किल्ली दिली. मुलं म्हणाली, "मॅडम, आजचा तास इथंच घ्या, बरं वाटतं." मग तो तासही जिन्यातच झाला.