खालच्या पट्टीतलं गाणं

आमच्या कॉलेजच्या दिवसांतला तो चौघांचा बँड फुटला, तेव्हा ताई दोन दिवस धड जेवली नव्हती. इतक्या वर्षांनी त्यांचा नवा अल्बम आला म्हटल्यावर तिने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि आम्ही दोघी मटार सोलत ऐकायला बसलो.

नवी गाणी बरी होती. शेवटी त्यांनी आपलंच एक जुनं गाणं पुन्हा म्हटलं होतं. ध्रुवपद जवळ आलं तशी ताईची हनुवटी वर गेली. तिथे सूर एकदम चढतो आणि तो गाठायला आम्ही पूर्वी अशाच माना वर करायचो. या वेळी तो तितका चढलाच नाही. सगळं गाणंच खालच्या पट्टीत घेतलं होतं. ताईची हनुवटी मात्र तशीच वर राहिली.

"आवाज गेले गं यांचे," ती म्हणाली.

मला रागच आला. आपण जिन्यात मध्येच थांबून दम खातो ते चालतं, आणि त्यांनी मात्र जन्मभर पंचविशीतच राहायचं?

पुन्हा ध्रुवपद आलं तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने म्हणायला लागले. मागोमाग ताईही. कॉलेजात तो वरचा सूर आम्हाला कधीच लागला नव्हता. तिथे आलो की हसून वेळ मारून न्यायचो. आज तो सहज लागला.

ताईने हातातली शेंग खाली ठेवली आणि गाणं पहिल्यापासून लावलं.